गजभिये मॅडमनी हॉल रिकामा केला

मूल्यांकन समिती येणार म्हणून आमच्या कॉलेजात सध्या फायली सजवण्याचं काम जोरात आहे. परवा एक नवे, तरुण प्राध्यापक स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "मॅडम, त्या पुराच्या वेळी कॉलेजनं एका मदत संस्थेबरोबर काम केलं होतं ना, त्यावर एक यशोगाथा हवी आहे. तेव्हाचं आता तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही. एक पान पुरे."

"यशोगाथा कोणाची?" मी विचारलं.

"कॉलेजचीच. त्यात त्या गजभिये मॅडमचा उल्लेख आला तरी चालेल."

चालेल म्हणाले, म्हणून लिहायला बसले. पान भरलं, पण त्यातलं यश नेमकं कुठल्या ओळीत लिहायचं ते मला ठरवता येईना. गजभिये मॅडमचं नाव एकदा कागदावर आलं आणि पुढे भलतंच येत गेलं. ते फायलीत लावता येण्यासारखं नाही. त्या प्राध्यापकांना मी दुसरं काहीतरी गुळगुळीत लिहून दिलं. हे वेगळं.

प्रमिला गजभिये नागपूरहून आमच्याकडे भूगोल शिकवायला आल्या, तेव्हा कर्वेनगरमध्ये सोसायट्यांच्या मागे थोडीफार शेतं शिल्लक होती. कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सच्या तुकड्या वाढत होत्या आणि भूगोलाच्या वर्गातली बाकं उचलून तिकडे नेली जात होती. मी पदार्थविज्ञान शिकवायचे, त्यामुळे माझी बाकं अजून जागेवर होती. मॅडम तेव्हा पस्तिशीच्या असतील. कडक स्टार्चची सुती साडी आणि पायात चक्क पांढरे कॅनव्हासचे बूट. पहिल्याच दिवशी आमच्या इतिहासाच्या सरांनी ते बूट पाहून विचारलं, "मॅडम, खेळाच्या तासाला आलात का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "चालत आले. तुमच्याकडे चालत नाहीत का?"

त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. हे आम्हाला कळायला बराच काळ गेला. पुण्याच्या स्टाफरूममध्ये प्रश्न हा सहसा समोरच्याला गप्प करण्यासाठी विचारला जातो. या बाई उत्तरासाठी थांबायच्या.

त्यांचं एक वाक्य कॉलेजभर झालं होतं. "मला समजून नाही राहिलं." त्यांचं बोलणं एरवी शुद्ध होतं, पण गोंधळल्या की नागपूर आपोआप बाहेर यायचं. प्राचार्यांनी एकदा सभेत विद्यापीठाची नवी गुणपद्धत समजावून सांगितली. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. या उठून उभ्या राहिल्या. "सर, मला समजून नाही राहिलं. परत सांगता का?" सरांनी परत सांगितलं. यांनी आणखी एक शंका काढली. तिसऱ्या खेपेला सर मध्येच थांबले, कागद उलटासुलटा केला आणि म्हणाले, "थांबा, मलाच पुन्हा वाचावं लागेल." सभा बरखास्त झाली.

"गजभिये मॅडमना समजेपर्यंत आम्ही निवृत्त होऊ," इतिहासाचे सर म्हणाले.

"तोवर समजलं तर पेढे देईन," त्या म्हणाल्या आणि सगळ्यात मोठ्यानं त्याच हसल्या.

फळ्यावर खडूनं एका दमात अख्ख्या महाराष्ट्राच्या नद्या काढणाऱ्या या बाईंना पुण्यात मात्र रस्ते सापडायचे नाहीत. मी एका रविवारी त्यांना कसबा पेठेत आमच्या घरी जेवायला बोलावलं. ठरल्या वेळेनंतर कितीतरी उशिरा त्या आल्या, घामाघूम आणि अत्यंत खुशीत. चुकत चुकत त्या एका तांबट कारागिराच्या दुकानात शिरल्या होत्या, मग कोणाच्या तरी बाळंतिणीच्या खोलीत, मग एका देवळाच्या मागच्या चुलीपाशी. प्रत्येक ठिकाणी चहा झाला होता. "तुमच्या घराच्या मागच्या गल्लीत त्या जोशी आजी राहतात, त्यांचा गुडघा फार दुखतो, तुम्हाला माहीत आहे का?" त्यांनी मला विचारलं. मला माहीत नव्हतं. मी त्याच पेठेत जन्मले होते.

जेवताना माझ्या आईनं आमच्याकडच्या पद्धतीनं चौकशी केली. "गजभिये म्हणजे कुठले आपण?"

मॅडमनी घास खाली ठेवला. "आई, तुम्ही गाव विचारता की जात? गाव नागपूर. आणि आम्ही बौद्ध. माझ्या वडलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, ते रेल्वेत होते."

आई क्षणभर गोरीमोरी झाली. मग तिनं त्यांच्या पानात आणखी भात वाढला आणि म्हणाली, "मी आपलं सहज विचारलं."

"मीही सहजच सांगितलं," मॅडम म्हणाल्या. "आमटी छान झाली आहे. यात काय घालता तुम्ही?"

त्यानंतर आई प्रत्येक सणाला विचारायची, त्या तुझ्या चुकणाऱ्या बाई येणार आहेत का.

याच चुकण्यातून त्या नदीकाठच्या वस्तीत पोचल्या. आमच्या कॉलेजपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, मुठेच्या पात्राला लागून पत्र्याच्या घरांची एक वस्ती होती. राष्ट्रीय सेवा योजनेचं काम मॅडमकडे होतं. आधीचे सर मुलांकडून कॉलेजच्या आवारातलं गवत काढून घेत. या मुलांना घेऊन वस्तीत जायला लागल्या. धरणातून पाणी सोडलं की दर पावसाळ्यात ते वस्तीच्या उंबऱ्याशी यायचं. मॅडमनी पाण्याच्या पातळीचा नकाशा काढला आणि प्राचार्यांच्या मागे लागल्या की पूर आला तर या लोकांसाठी कॉलेजचा हॉल उघडला पाहिजे.

त्याच सुमारास आपत्तीत मदत करणारी एक संस्था शहरातल्या कॉलेजांशी करार करत होती. कॉलेजनं जागा आणि स्वयंसेवक द्यायचे, संस्थेनं प्रशिक्षण, पांघरुणं, औषधं आणि जेवण. संस्थेकडून निखिल नावाचा तरुण यायचा. कमरेला मोबाइल, बोलण्यात निम्मं इंग्रजी. प्राचार्यांना करार आवडला, कारण त्यात कॉलेजला करायचं काही नव्हतं आणि फोटो होता.

सही होण्याआधी मॅडमनी विचारलं, "लोक हॉलमध्ये आले. पाणी उतरलं. पण परत जायला जागाच उरली नाही, तर?"

"मॅडम, ते आमच्या स्कोपमध्ये येत नाही," निखिल म्हणाला. "ती पुनर्वसनाची फेज झाली."

"मग कोणाच्या स्कोपमध्ये येतं?"

निखिलनं प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांनी पंख्याकडे पाहिलं. फोटोवाला आला आणि सही झाली.

मग रंगीत तालीम ठरली. पाणी आलं आहे असं समजून अख्ख्या वस्तीला कॉलेजात आणायचं. हॉलमध्ये चहा आणि केळी आहेत हे कळल्यावर लोक हौसेनं निघाले. एकट्या हौसाबाई दारात मेथी निवडत बसून राहिल्या. या हौसाबाई पहाटे मंडईतून भाजी आणून आमच्या भागातल्या सोसायट्यांमध्ये हातगाडीवर विकायच्या. त्यांची मुलगी सुरेखा आमच्याच कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकत होती.

"आजी, चला, पाणी वाढतंय," निखिल कर्ण्यातून म्हणाला.

"कुठं हाय पानी?"

"ही तालीम आहे आजी. पाणी आलंय असं समजायचं."

"मग मी गेले आसं समजा."

मुलं हसली. निखिलही हसला. मॅडम मात्र बूट काढून त्यांच्या शेजारी बसल्या आणि मेथी निवडायला लागल्या. "मला समजून नाही राहिलं, हौसाबाई. काऊन नाही येत तुम्ही?"

हौसाबाईंनी सांगितलं. पूर्वी त्या एका नाल्याकाठी राहायच्या. नाल्याला पाणी आलं म्हणून कोणीतरी त्यांना देवळात नेऊन ठेवलं. परत आल्या तेव्हा घराच्या जागेभोवती पत्रे ठोकलेले. "तवापास्नं मी कुनाच्या बोलावन्यावर घर सोडत न्हाई," त्या म्हणाल्या. मॅडम जुडी संपेपर्यंत तिथेच बसल्या.

पूर आला तो त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात. घाटात आठवडाभर झड लागली होती, धरण भरलं होतं. सकाळी निरोप आला की दुपारपर्यंत विसर्ग बराच वाढवणार. आम्ही तास सोडून मुलांना घेऊन वस्तीत गेलो. पाणी खालच्या ओळीतल्या घरांत शिरलं होतं, तरी लोक निघत नव्हते. सगळ्यांचे डोळे हौसाबाईंकडे होते. तालमीनंतर ती पत्र्यांची गोष्ट वस्तीभर झाली होती, आणि हौसाबाई निघाल्या तर आम्ही निघू, असं चाललं होतं.

"हौसाबाई, या खेपेला खरंच पाणी आहे," मॅडम म्हणाल्या.

"पानी येतं न जातं. पत्रे लागले की ते जात न्हाईत."

मॅडम पावसात उभ्या होत्या. साडी पोटरीपर्यंत भिजली होती. त्या म्हणाल्या, "मी शब्द देते. पाणी उतरलं की तुम्हाला इथंच आणून सोडीन."

"कॉलेजचा शब्द?"

"कॉलेजचं मी कसं सांगू? माझा."

हौसाबाई आत वळल्या. मग तराजू आणि वजनं फडक्यात बांधली, गाडीवर ठेवली आणि गाडी ढकलायला सुरुवात केली. त्यांच्या मागून वस्ती निघाली. दुपारी मी पुलावरून पाहिलं, तेव्हा घरांच्या जागी नुसतं गढूळ पाणी होतं आणि त्यातून वर आलेला एका पिंपळाचा शेंडा. वस्तीतलं एकही माणूस वाहून गेलं नाही, एखादं कोंबडं सोडलं तर.

त्यानंतरचे काही दिवस, खरं सांगायचं तर, आमच्या कॉलेजचे चांगले दिवस होते. संस्थेनं कबूल केलेलं सगळं दिलं. ज्या निखिलला मी नुसता इस्त्रीचा शर्ट समजत होते, तो बाही वर करून स्वच्छतागृहं धूत होता. मुलं खिचडी वाढत होती. माझ्या प्रयोगशाळेबाहेर वस्तीतल्या पोरी लंगडी खेळत होत्या. मॅडम प्रत्येक घोळक्यात जाऊन बसत आणि काहीतरी विचारत.

पाणी ओसरलं. चिखल वाळायला लागला. मॅडम आणि हौसाबाई एका सकाळी वस्तीत बघायला गेल्या की परत कधी जाता येईल. तिथे बुलडोझरसारखं एक मोठं यंत्र आलं होतं आणि पुरातून उरलेलं जे काही होतं ते सपाट करत होतं. चालक म्हणाला, वरून ऑर्डर आहे. वर म्हणजे कुठे, ते त्याला सांगता येईना. मॅडम त्याच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. तो यंत्र बंद करून बिडी ओढत बसला आणि त्या गेल्यावर पुन्हा सुरू झाला.

त्या दिवसभर त्या कचेऱ्या फिरल्या. प्रत्येक ठिकाणी ते दुसऱ्या खात्याचं काम आहे असं कळलं. यंत्र कोणी पाठवलं, हे शेवटपर्यंत समजलं नाही. एका कचेरीत मात्र एक वयस्कर साहेब भेटले. त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "मॅडम, ती जागा पूररेषेच्या आत आहे. आज ना उद्या नदी तिथे पुन्हा येणारच. तुम्ही भूगोल शिकवता ना?"

हे वाक्य त्यांनी मला दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सांगितलं. "मी हेच शिकवते, वैद्य मॅडम. नदीचं पात्र नदीचं असतं. दरवर्षी शिकवते. त्या माणसाचं काही चुकलं नाही. पण मी शब्द दिला आहे." त्यांनी डबा उघडला, बंद केला आणि पुन्हा उघडला. "दोन्ही खरं कसं असेल?"

हॉलमध्ये जाऊन त्यांनी सगळं सरळ सांगितलं. काही बायका रडल्या, पुरुष ओरडले. कोणी म्हणालं, बाई त्यांनाच सामील आहे. हौसाबाई ओरडल्या नाहीत.

"तुम्हाला ठाव हुतं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"ठाव असाया पायजे हुतं."

"हो," मॅडम म्हणाल्या.

लोकांनी ठरवलं की आता घरं मिळेपर्यंत हॉल सोडायचा नाही. वस्त्यांच्या प्रश्नांवर काम करणारे एक कार्यकर्ते येऊन बसले होते, त्यांनीही तेच सांगितलं. हॉल हेच तुमच्या हातातलं एकमेव हत्यार आहे, ते टाकलंत की संपलात. मला त्यांचं म्हणणं पटलं होतं.

अडचण अशी झाली की त्याच्या पुढच्या सोमवारी एक मोठी आयटी कंपनी नोकरभरतीसाठी आमच्याकडे येणार होती. आजूबाजूच्या कॉलेजांतली मुलंही परीक्षेला आणि मुलाखतींना आमच्या हॉलमध्ये बसणार होती. असं पहिल्यांदाच होत होतं. प्राचार्यांनी तारीख पुढे ढकलायला सांगून पाहिलं. कंपनीचं उत्तर आलं, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्या कॉलेजात घेतो. पालक येऊन भांडायला लागले. मुलांनी गेटवर घोषणा दिल्या. त्यात खिचडी वाढणारी मुलंही होती.

प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं. मीही गेले होते. सर त्या दिवशी चिडलेले नव्हते, थकलेले होते. "गजभिये मॅडम, यातली कितीतरी मुलं त्यांच्या घरातली पहिली शिकलेली आहेत. कंपनी एकदा गेली की परत येत नाही. हॉलमधली माणसं माझी नाहीत असं मी म्हणत नाही. तुम्हीच सांगा, मी कोणाला बाहेर काढू?"

"मला समजून नाही राहिलं, सर," त्या म्हणाल्या.

त्या वाक्यावर कोणी हसलं नाही, असं तेव्हा पहिल्यांदा घडलं.

त्या दिवशी संध्याकाळी सुरेखा स्टाफरूममध्ये आली. तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. गेले काही दिवस ती वर्गातल्या मुलींसमोर कॉलेजच्या नळावर भांडी घासत होती. "मॅडम, सोमवारी माझीपण परीक्षा आहे," ती गजभिये मॅडमना म्हणाली. "आमची अंथरुणं जिथे आहेत, तिथेच. आईला तुम्ही सांगा ना."

"मी काय सांगू, सुरेखा? माझ्या सांगण्यानंच तर ती इथं आली."

"मग दुसरं कोण सांगणार?" सुरेखा म्हणाली आणि निघून गेली.

आम्हा सगळ्यांना वाटत होतं की सोमवारी सकाळी गजभिये मॅडम वस्तीतल्या बायकांबरोबर हॉलच्या दारात बसलेल्या दिसतील. प्राचार्यांनाही तसंच वाटत असावं, कारण त्यांनी पोलिसांना कळवून ठेवलं होतं. रविवारी दिवसभर मॅडम कुठेच दिसल्या नाहीत. संध्याकाळी आल्या त्या लांब कुठेतरी जाऊन, बूट लाल मातीनं माखलेले. शहराच्या पार टोकाला एक चाळीवजा इमारत बांधून पडली होती, अजून कोणाला दिलेली नव्हती. नळ नव्हते, खिडक्यांना तावदानं नव्हती. त्या वयस्कर साहेबांनी तोंडी सांगितलं होतं की तात्पुरतं तिथे राहू देऊ.

हॉलमध्ये उभ्या राहून त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी हॉल रिकामा करू या."

कार्यकर्ते ताडकन उठले. "मॅडम, तुम्ही काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला? तिथे गेले की हे लोक कोणाच्या डोळ्यांसमोर राहणार नाहीत."

"खरं आहे," मॅडम म्हणाल्या. "इथं राहिलात तर कदाचित लवकर घर मिळेल. कदाचित पोलिस उचलून नेतील. तिथं गेलात तर कदाचित विसरून जातील तुम्हाला. मला माहीत नाही. पण मला विचाराल, तर चला."

"पण का?" मागून कोणीतरी विचारलं.

"ते मला सांगता नाही येत."

 मी दाराशी उभी होते. मला त्यांचा राग आला होता. इतके दिवस प्रत्येकाला का म्हणून विचारणाऱ्या बाईला स्वतःचं कारण सांगता येऊ नये, हे मला सहन होत नव्हतं.

हौसाबाई म्हणाल्या, "तुमच्या शब्दावर एकदा आलो."

"या खेपेला शब्द नाही देत मी," मॅडम म्हणाल्या. "फक्त सोबत येते."

हौसाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पण थोड्या वेळानं त्या उठल्या आणि सतरंजी गुंडाळायला लागल्या. का उठल्या, तेही मला कळलं नाही.

सोमवारी सकाळी टेम्पो आले. सामान चढलं. मॅडम मागे बोचक्यांवर हौसाबाईंच्या शेजारी बसल्या, दोघींची तोंडं दोन दिशांना. सुरेखा इस्त्री केलेला ड्रेस घालून, हातात फाइल घेऊन हॉलच्या पायरीवर उभी होती. टेम्पो तिच्या समोरून गेला. आई आणि मुलगी, कोणीच हात हलवला नाही. शिपायांनी फिनेलनं हॉल धुतला, खुर्च्या मांडल्या, आणि दहाच्या सुमारास लॅपटॉप घेतलेली टाय लावलेली मुलं गाडीतून उतरली.

सुरेखाची निवड झाली नाही.

गजभिये मॅडम त्या इमारतीत राहायला गेल्या, त्या पावसाळा संपेपर्यंत तिथेच राहिल्या. दोन बस बदलून कॉलेजला यायच्या. पहिले काही आठवडे टँकर यायचा, मग तोही कधीतरी यायला लागला. कार्यकर्त्यांनी सांगितलं तसंच झालं, लोक विसरले. आणखी दोन पावसाळे गेल्यावर मात्र तिथल्याच खोल्या त्या कुटुंबांच्या नावावर झाल्या. कार्यकर्ते म्हणाले, हॉल सोडला नसता तर कर्वेनगरच्या जवळपास मिळाल्या असत्या. ते वयस्कर साहेब म्हणाले, हॉल सोडला नसता तर काहीच मिळालं नसतं. हौसाबाईंचा धंदा बसला तो बसलाच. मंडई लांब पडली, आणि त्या नव्या जागी भाजी घेणाऱ्यांपेक्षा विकणारे जास्त होते.

संस्थेनं या सगळ्यावर एक परिसंवाद घेतला. कॉलेजं आणि संस्था मिळून काम करतात तेव्हा काय साधतं, असा विषय होता. पडद्यावर मॅडमचा फोटो होता, पावसात, वस्तीत. सूत्रसंचालक बाई म्हणाल्या, आता या यशाविषयी त्यांच्याकडूनच ऐकू या. मॅडम माइकपाशी गेल्या. "निखिलनं स्वच्छतागृहं फार छान ठेवली होती," त्यांनी सुरुवात केली. लोक हसले. "आम्ही माणसं वाचवली. त्यांची घरंही आमच्यामुळेच गेली. माणसं तिथं असती, तर यंत्र चालवायची कोणाची हिंमत झाली नसती. ती तिथं असती, तर बुडाली असती. यातून काय शिकायचं ते मला विचारू नका. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर चहाच्या वेळी मला भेटा." आणि त्या खाली येऊन बसल्या. चहाच्या वेळी त्या कप घेऊन उभ्या होत्या. त्यांना भेटायला निखिल तेवढा आला. तो त्यांच्या शेजारी चहा घेत उभा राहिला. त्यानं दुसऱ्या महिन्यात ती नोकरी सोडली असं कानावर आलं.

मी त्यांना पुढे बऱ्याचदा विचारलं की त्या रविवारी तुम्ही तसं का केलंत. दर वेळी वेगळं उत्तर मिळालं. एकदा म्हणाल्या, सुरेखासाठी. पण सुरेखाची तर निवड झाली नाही, मी म्हटलं. "हो न," त्या म्हणाल्या. एकदा म्हणाल्या, पोलिसांची गाडी गेटबाहेर पाहिली होती, लहान पोरं होती हॉलमध्ये. एकदा म्हणाल्या, "मी दमले होते, वैद्य मॅडम. कदाचित तेवढंच असेल."

"यातलं खरं कुठलं?"

"तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी विचारलं आणि उत्तरासाठी थांबल्या. मी आयुष्यभर मुलांना शिकवलं की बल किती आणि कुठल्या दिशेनं लागलं ते कळलं की वस्तू कुठे जाईल ते सांगता येतं. त्यांच्यापुढे मला काही सांगता आलं नाही. तासाची बेल झाली आणि आम्ही आपापल्या वर्गावर गेलो.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते सुरेखाच्या घरी. ती आधी एका छोट्या कंपनीत लागली, मग हिंजवडीला मोठ्या कंपनीत. वारज्याला पाचव्या मजल्यावर तिनं फ्लॅट घेतला आणि मला वास्तुशांतीला आवर्जून बोलावलं. गेले तर गजभिये मॅडम स्वयंपाकघरात जमिनीवर बसून पुरणपोळी खात होत्या. त्यांनी कॉलेज सोडल्यापासून आमची गाठ पडली नव्हती, केस पूर्ण पांढरे झाले होते. पुढच्या आठवड्यात त्या कायमच्या नागपूरला भावाकडे जाणार होत्या. हौसाबाई त्यांच्या समोर पाटावर बसून वाढत होत्या.

मला पाहून हौसाबाईंनी मलाही बसवलं. मॅडमच्या पानात न विचारता आणखी एक पोळी टाकली, तिच्यावर तूप ओतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्या हिला माफ केल्यालं न्हाई बरं का. तुमी म्हनाल, बोलावली म्हंजी इसरली. काय बी इसरली न्हाई."

मी मॅडमकडे पाहिलं. त्या जेवत होत्या.

"बरोबर आहे त्यांचं," त्या म्हणाल्या.

"बरोबर हाय तर गप जेव," हौसाबाई म्हणाल्या. "किती वाळलीस. तिकडं नागपुरात कोन बघनार हाय तुला?"

मॅडमशी कोणी अहोजाहो सोडून बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. हौसाबाई त्यांना अगं-तुगं कधीपासून करायला लागल्या, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी विचारलं नाही.

निघताना मॅडमनी माझा हात हातात घेतला आणि आईची चौकशी केली. आई जाऊन वर्ष झालं होतं. त्यांनी हात जरा घट्ट धरला. मी लिफ्टनं खाली आले. गेटपाशी रिक्षाची वाट बघत सहज वर पाहिलं, तर पाचव्या मजल्याच्या गॅलरीत त्या दोघी येऊन उभ्या होत्या. हौसाबाई हात उडवून उडवून काहीतरी बोलत होत्या आणि लांब कुठेतरी बोट दाखवत होत्या. मॅडम मान हलवत होत्या, हो म्हणून की नाही म्हणून ते इतक्या खालून दिसत नव्हतं. भांडत होत्या की गप्पा मारत होत्या, तेही कळत नव्हतं. मग बोलता बोलताच हौसाबाईंनी आपला पदर पुढे ओढला आणि मॅडमच्या हनुवटीला लागलेलं तूप पुसलं. मॅडमनी तोंड पुढे केलं, आणि हौसाबाईंचं बोलणं तसंच पुढे चालू राहिलं.